हळदीची रात्र आणि धवल्याचा शब्द

भिवंडी हे नाव मराठी वाङ्मयीन चर्चेत आले, तर ते यंत्रमागांच्या किंवा दंगलींच्या संदर्भात येते. गाण्याच्या संदर्भात ते येत नाही. आलेच तर मुशायऱ्यांमुळे, आणि मुशायरा ही मराठी समीक्षेने आपली जबाबदारी कधी मानलेली नाही. परंतु चैत्रातल्या अमावास्येला तालुक्यातली वज्रेश्वरीची जत्रा भरते तिथपासून मृगाचा पाऊस उंबरठ्यावर येईपर्यंत, शहराभोवतीच्या गावांत रात्रीमागून रात्री जे गाणे-वाजवणे चालते, त्याचे आकारमान पाहिले तर त्याला उन्हाळी संगीतमहोत्सव म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. त्याला एक व्यासपीठ नाही, तिकीट नाही, छापील कार्यक्रमपत्रिका नाही. तो हळदीच्या मांडवांतून विखुरलेला असतो. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली अशा गावांत तिथी दाट असली की एका मांडवाचा आवाज संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू होतो. पुण्यात १९५३ पासून होत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात कोणाला बोलावले आणि कोणाला वगळले यावर दर हिवाळ्यात रकाने भरून वाद होतात. हळदीच्या या महोत्सवाची नोंद मात्र वृत्तपत्रांत होते ती ध्वनिप्रदूषणाच्या बातमीत.

हा महोत्सव उन्हाळ्यात का, याचे उत्तर भाताच्या खाचरात आहे. कापणी-झोडणी उरकलेली, हातात धान्य आलेले आणि पेरणीला अवकाश असलेला, असा हा काळ. आगरी समाजाचे नावच मुळी आगरावरून, मिठागरावरून, पडले असे मानले जाते. भातशेती, मिठागर आणि खाडी यांच्या वेळापत्रकात लग्नाला मोकळे असे फार थोडे दिवस उरत. आज त्याच खाचरांतून गोदामे उभी आहेत. मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना देशभरचा माल येथे उतरतो आणि चढतो. जमीन विकून किंवा गोदाम भाड्याने देऊन आलेल्या पैशाने हळदीचा मांडव मोठा केला, ही गोष्ट उघड आहे. लग्नाची तिथी मात्र अजून भाताच्या हिशोबाने उन्हाळ्यातच रेंगाळते. अर्थव्यवस्था बदलली तरी ऋतू बदलला नाही, आणि त्या जुन्या ऋतूत नवा पैसा ओतला गेला. हळदीच्या आजच्या आवाजाचे भौतिक कारण एवढेच आहे. त्याला ‘संस्कृतीचा ऱ्हास’ असे भारदस्त नाव देण्याची घाई करू नये.

ती घाई मात्र सर्वत्र दिसते. गावकीच्या बैठकांतून, समाजाच्या मेळाव्यांतून, लग्नपत्रिकांच्या तळटीपांतून हळदीतील ‘डीजे’वर वाद चालू आहे. एक पक्ष खर्चाचा आणि दारूचा हिशोब मांडतो. त्याचे म्हणणे सरळ आहे आणि कर्ज काढून हळद करणाऱ्या घरांकडे पाहता त्याला उत्तर देणे अवघड आहे. पण तो पक्ष संगीताविषयी काही बोलतच नाही. दुसरा पक्ष ‘आपली परंपरा’ या शब्दांनी बोलतो. त्याला ब्रास बँड चालतो, बेंजो चालतो, जुनी कोळीगीते तर हवीच असतात. डीजे तेवढा परका वाटतो. तिसरा पक्ष तरुणांचा. त्यांचे म्हणणे असे की आगरी बोलीतली इतकी गाणी आजवर कधी झाली नव्हती, पूर्वी शहरात जी बोली तोंडातून निघाली की हसू होई ती आता भिंतीएवढ्या कर्ण्यांतून अख्ख्या पंचक्रोशीला ऐकवली जाते, मग परंपरा बुडाली कशी? हा प्रश्न उद्धट असला तरी पोकळ नाही.

दुसऱ्या पक्षाची अडचण अशी की ज्याला तो परंपरा म्हणतो ती बरीचशी ध्वनिमुद्रणगृहात जन्मलेली आहे. ‘मी डोलकर’ हे कोळीगीत मराठी माणसाच्या कानात कोळी जीवनाचा अस्सल सूर म्हणून बसले आहे. त्याचे शब्द इंदापूरला जन्मलेल्या शान्ता शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लता मंगेशकर आणि बंगाली हेमंतकुमार यांचे. गाण्याच्या गुणवत्तेला यामुळे कसलीही बाधा येत नाही. परंतु हे गाणे ‘आतले’ आणि आजच्या आगरी पोराने संगणकावर जोडलेले गाणे ‘बाहेरचे’, हा निवाडा कोणत्या तत्त्वावर द्यायचा? पुढे ऐंशीच्या दशकात ध्वनिफिती आल्या. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात दाखवून दिले आहे की स्वस्त फितीने बड्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि स्थानिक बोलींतल्या गाण्यांना बाजार मिळवून दिला. वेसावकर मंडळींच्या फितींनी ठाणे-रायगडच्या मांडवांत तेच केले. ब्रास बँड तर सरळ इंग्रजी पलटणींचा वारसा. म्हणजे हळदीच्या संगीताचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास हा एकापाठोपाठ एक ‘आधुनिक’ आगमनांचाच इतिहास आहे, आणि प्रत्येक आगमनाने आधीच्या आगमनाला परंपरेचा दर्जा मिळवून दिला आहे.

देशीवादाच्या चौकटीतूनही या वादाची सोडवणूक होत नाही. भालचंद्र नेमाडे यांनी देशीयतेचा आग्रह धरताना बाहेरून आलेले पचवून आपलेसे करणारी संस्कृती आणि नुसते अनुकरण करणारी संस्कृती यांत भेद केला. हळदीतल्या डीजेला हा निकष लावला तर उत्तर तरुणांच्या बाजूने जाते. यंत्र परके असले तरी ठेका, बोली, नात्यांची थट्टा, एकवीरेचा जयजयकार, सारे काही त्यात पचून बसले आहे. अशोक रानडे यांनी संगीताच्या कोटी पाडताना लोकसंगीत आणि जनसंगीत असा जो विवेक केला, तो येथे अधिक कामाचा आहे. लोकसंगीत जीवनचक्रातील कृतींशी जखडलेले असते, जनसंगीत माध्यमांवर आणि श्रोतृसमुदायावर जगते. कोळीगीताची तबकडी, फीत आणि डीजे हे तिन्ही जनसंगीताचेच टप्पे आहेत. वाद घालणारे दोन्ही पक्ष जनसंगीताच्या दोन पिढ्यांची बाजू घेऊन भांडत आहेत. लोकसंगीत या भांडणात पक्षकारच नाही.

ते मांडवात असते मात्र. घाणा भरताना, हळद लावताना, देवांना आवतण देताना एक प्रौढ स्त्री गात असते. तिला धवलारीण म्हणतात आणि ती जे गाते तो धवला. (आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो, म्हणून धवळ्याचा धवला.) तिच्या गाण्याला वाद्याची साथ नसते. चाल मोजक्या स्वरांत फिरते, ओळ एकीने टाकायची आणि सोबतच्या बायकांनी उचलायची. त्यावर कोणी नाचत नाही, आणि ऐकायला म्हणूनही कोणी बसत नाही. धवला श्रोत्यांसाठी नाहीच. तो विधी सांगतो आणि सांगता सांगता घडवतो. मेढीसाठी उंबर आणला, तांदूळ कांडला, हळद दळली, अमुक देव आला, तमुक पूर्वज आला, असे एकेक पाऊल धवल्यात उच्चारले गेले की ते झाले असे समजायचे.

जे. एल. ऑस्टिन यांनी ‘हाऊ टू डू थिंग्ज विथ वर्ड्‌स’ (१९६२) मध्ये, वर्णन न करता कृती करणाऱ्या उच्चारांचा विचार मांडला आणि त्यासाठी पहिली उदाहरणे घेतली त्यांत लग्नविधीतला वधूवरांचा होकार होता. धवला त्या विचाराला एक वेगळे वळण देतो. येथे उच्चार वधूचा नाही, वराचा नाही, पुरुष पुरोहिताचाही नाही. तो एका तिसऱ्या व्यक्तीचा, एका कष्टकरी स्त्रीचा आहे, आणि समाजाने तिच्या उच्चाराला कृतीचे सामर्थ्य दिलेले आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापून ब्राह्मण पुरोहितावाचून लग्ने लावण्याचा आणि मराठीतून मंगलाष्टके म्हणण्याचा जो क्रांतिकारक प्रयोग केला, त्याची चर्चा आपल्या वैचारिक वाङ्मयात विपुल आहे. ठाण्याच्या किनारपट्टीत स्त्री पुरोहित आणि देशी भाषेतला विवाहमंत्र ही दोन्ही आधीपासून नांदत होती, याची दखल त्या चर्चेने क्वचितच घेतली.

वाङ्मयेतिहासालाही ही गोष्ट नवी वाटू नये. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’मध्ये प्रबंधांचे वर्णन करताना ‘धवल’ या प्रकाराची नोंद करून त्याचे कीर्ती, विजय आणि विक्रम असे भेद सांगितले आहेत. गुजरातीत हाच शब्द ‘धोळ’ होऊन राहिला. आणि त्याच तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या विवाहलीलेच्या प्रसंगी महानुभाव पंथातील महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे ‘धवळे’ रचले. तिला आद्य मराठी कवयित्री म्हणण्याची प्रथा आहे. म्हणजे स्त्रीने रचलेली ज्ञात मराठी कविता जेथे सुरू होते, तेथे लग्नमांडवातले गाणे आहे. आणि ते रचणारी स्त्री काही नवा काव्यप्रकार शोधून काढत नव्हती, तिच्या कानांवर असलेला प्रकार ती प्रसंगासाठी वापरत होती. पाठ्यपुस्तकांतून हे धवळे ‘प्राचीन वाङ्मय’ म्हणून शिकवले जातात. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले, मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. पण वर्गात महदाइसेचे धवळे अभ्यासणाऱ्या भिवंडीच्या विद्यार्थ्याला आपल्या आत्याच्या तोंडच्या धवल्याचा आणि या पाठाचा काही संबंध असेल अशी शंकाही येऊ नये, इतके आपले वाङ्मयशिक्षण लोकपरंपरेपासून तुटलेले आहे. भाषेचे प्राचीनत्व सिद्ध करायला जो शब्द साक्षीला काढायचा, तोच शब्द जिवंत असताना ऐकायला वेळ नसावा, हे विचित्र आहे.

आता वादाकडे पुन्हा वळता येईल. आगमने शंभर वर्षे चालू होती आणि धवला त्यांच्या शेजारी टिकून होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. बँड वरातीत वाजत असे, म्हणजे रस्त्यावर. तबकडी आणि फीत मांडवात आली तरी स्वयंपाकाच्या चुलीपाशी, घाण्याजवळ, घराच्या आतल्या पडवीत तिचा आवाज पोचला तरी व्यापत नसे. प्रत्येक वाद्याला आपली जागा होती आणि धवल्याला आपली. डीजेने ही जागांची विभागणी संपवली. त्याचा आवाज कानाने ऐकायचा नसून छातीच्या पिंजऱ्याने घ्यायचा असतो. घराच्या भिंतींना, चुलीवरच्या भांड्यांना तो कंप देतो. अशा आवाजात धवलारीण गातच असते, पण तिच्या सोबतच्या बाईला ओळ ऐकू येत नाही; आणि ओळ ऐकू आली नाही तर ती उचलता येत नाही. धवला तिथे मोडतो. चाल बदलल्यामुळे किंवा पिढी बदलल्यामुळे नव्हे, तर दोन बायकांमधले दोन हातांचे अंतर शब्दाला पार करता येत नाही म्हणून.

लोकसंगीताच्या व्यासपीठावर आधुनिक वाद्यांनी केलेल्या आक्रमणाचा जगातला सर्वांत गाजलेला वाद यासंदर्भात आठवतो. २५ जुलै १९६५ रोजी अमेरिकेतल्या न्यूपोर्ट येथील उन्हाळी लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला. प्रेक्षकांतून हुर्यो उठली. पीट सीगर या ज्येष्ठ गायकाने कुऱ्हाड असती तर तार तोडली असती असे उद्गार काढल्याची कथा प्रसिद्ध आहे आणि ती सनातन्यांच्या पराभवाची कथा म्हणून सांगितली जाते. स्वतः सीगर यांनी पुढे केलेला खुलासा मात्र त्या कथेत बसत नाही. त्यांची तक्रार विजेविषयी नव्हती. आवाज इतका फाटका येत होता की गाण्याचे शब्द समजत नव्हते, अशी होती. शब्दांसाठीच प्रसिद्ध असलेल्या कवीचे शब्द! इतिहासाने या तक्रारीला जुन्या-नव्याच्या साच्यात कोंबले, कारण तो साचा हाताशी होता. हळदीच्या वादातही हेच होत आहे. जुने विरुद्ध नवे हा साचा इतका सोयीचा आहे की शब्द ऐकू येतो की नाही, हा साधा प्रश्न विचारायचा राहून जातो.

कायद्याने हा प्रश्न सुटेल असे कोणी म्हणेल. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई केली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यासंबंधी तपशीलवार निर्णय दिला. नियम आवश्यक आहेत. आजारी माणसाला आणि तान्ह्या मुलाला त्यांच्याशिवाय आधार नाही. पण डेसिबल हे प्रमाणाचे मोजमाप आहे. कोणासाठी आवाज थांबवायचा, हे त्यात कुठे लिहिलेले नसते.

आणि आवाज थांबतो, ही या साऱ्या प्रकरणातली कळीची गोष्ट आहे. हळदीच्या दुसऱ्या दिवशी लग्न लागते तेव्हा मंगलाष्टकांच्या वेळी डीजे, बँड, बेंजो सगळे गप्प असतात. यंत्रावरचा पोरगा कान देऊन असतो. शेवटचे ‘सावधान’ संपून अक्षता पडल्या की क्षणात ठेका सुटतो. पुरोहिताचे संस्कृत मांडवातल्या फार थोड्यांना समजते. तरी त्याच्यासाठी शांतता राखली जाते, कारण त्या शब्दावाचून लग्न लागत नाही अशी सर्वांची धारणा आहे. सगळ्यांना समजणारा, त्यांच्याच बोलीतला धवला चालू असताना मात्र आवाज कमी करावा असे कोणाला वाटत नाही. म्हणजे यंत्राने धवला बुडवला हे म्हणणे अपुरे आहे. यंत्राला खटका असतो आणि खटका दाबणारा हात कोणाचा तरी मान राखतो. धवलारणीच्या शब्दाचे सामर्थ्य डीजे येण्याआधीच काढून घेतले गेले होते. प्रतिष्ठेच्या ओढीने पुरोहिताला मांडवात आणून तिला ‘बायकांची गाणी’ म्हणणारी बाई करून टाकले, तेव्हाच ते झाले. डीजेने या अवमूल्यनाला केवळ ऐकू येईल असे रूप दिले. सुधारक, परंपरावादी आणि तरुण हे तिघे कितीही भांडोत, या एका मुद्द्यावर त्यांच्यात मतभेद नाही, आणि म्हणूनच तो चर्चेत येत नाही.

उत्तरेला डहाणू-तलासरीकडे वारल्यांच्या लग्नात हेच काम धवलेरी करते, आणि तिच्या गाण्यासोबत सवाशिणी भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहितात. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून हा चौक भिंतीवरून कागदावर उतरला. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्या हाती त्याची स्वतंत्र चित्रकला झाली, तिला जगभर मान मिळाला आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री. मशे मोठे चित्रकार होते यात वाद नाही. परंतु बायकांच्या एका विधीतला पाहण्याजोगा भाग वेगळा होऊन बाजारात गेला, पुरुषांच्या हातीही गेला, आणि ऐकण्याजोगा भाग मागे राहिला. शब्दाला चौकट करून भिंतीवर टांगता येत नाही. धवलेरीचे गाणे चित्राइतकेच जुने, चित्राचा अर्थ उलगडणारे. तरी वारली चित्र ओळखणाऱ्या मध्यमवर्गीय घराला तिचे नावही ठाऊक नसते.

जात्यावरच्या ओवीचे नशीब त्यामानाने बरे. जाते थांबले तेव्हा ती गोळा करणारे हात होते. साने गुरुजींपासून सरोजिनी बाबरांपर्यंत अनेकांनी ती टिपली, पुढे गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून लाखाच्या घरात ओव्या जमवल्या. धवल्याचेही असे संकलन व्हावे, हे निर्विवाद. मात्र ओवी आणि धवला यांतला फरक संकलकाने विसरू नये. ओवी एकटीची असते आणि कागदावर आली तरी तिच्यातली बाई हरवत नाही. धवल्यात त्या त्या वराचे, वधूचे, मामाचे, गावदेवाचे नाव घालावे लागते. ते घातल्याशिवाय तो पूर्ण होत नाही. म्हणूनच धवल्याची चाल घेऊन तिच्यावर ठेका चढवलेले गाणे हळदीत कितीही जोरात वाजले, तरी त्यात कोणाचे लग्न आहे हे सांगता येत नाही. तेच गाणे शेजारच्या मांडवातही वाजत असते.

मग धवलारणीच्या हाती ध्वनिक्षेपक द्यावा का? सूचना चांगल्या हेतूची आहे. पण ध्वनिक्षेपक आला की ती मांडवाकडे तोंड करून उभी राहील, समोर श्रोते बसतील, तिच्या गाण्याला वेळ नेमून दिला जाईल आणि टाळ्या पडतील. सोबतच्या बायका मागे सरकतील, कारण ओळ उचलायला एक ध्वनिक्षेपक पुरत नाही. धवला तेव्हा कार्यक्रमातला एक प्रवेश होईल. त्यापेक्षा स्वस्त असे एक काम आहे, आणि ते यंत्रावरच्या त्या पोरालाच करता येईल. मंगलाष्टकांच्या वेळी कधी थांबायचे हे त्याला कोणी लिहून दिलेले नसते. तो भटजीच्या ओठांकडे पाहतो आणि खटक्यावर बोट ठेवून असतो. घाण्याभोवती बसलेल्या बायका त्याच्यापासून तितक्याच अंतरावर असतात. त्यातली एक बहुधा त्याची आजीच असते.